काका, रिकी गेला तेव्हा तुम्ही फोन केलात

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "बरं ते जाऊ दे, पाऊस आहे का पुण्यात?" असं करून विषय बदलता, म्हणून शेवटी इथे सगळ्यांसमोर लिहितेय. रागावू नका.

20 डिसेंबर 2024 ला ऑकलंड एज टीमचा बेसबॉलपटू रिकी हेंडरसन गेला. 25 तारखेला त्याला 66 पूर्ण झाली असती. इकडे कळलं तेव्हा मी एकटीच रडत बसले आणि घरात कोणाला नीट सांगताही येईना, कारण पुण्यात रिकी हेंडरसन कोण हे कोणाला माहीत असणार? ऑफिसात एकाने विचारलं, ओळखीचे होते का गं तुमच्या? नाही म्हटलं. मग तो गप्प झाला, त्याचं तरी काय चुकलं म्हणा. पण आत जे काय होत होतं ते ठेवायला जागाच नव्हती आणि तेवढ्यात तुमचा फोन आला. "ऐकलंस ना?" एवढंच बोललात. मग बराच वेळ दोघंही गप्प, आणि मग तुम्ही अगदी सावकाश, तो फर्स्ट बेसवर कसा उभा राहायचा ते सांगायला लागलात. मला तेव्हा नेमकं तेच हवं होतं काका. सांत्वन नको होतं, त्याच्याबद्दल बोलणारं कोणीतरी हवं होतं.

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते, इंग्लिश धड येत नव्हतं, शाळेत डबा एकटीने खायचे. तुम्ही आम्हा मुलांना गोळा करून बार्ट ट्रेनने ऑकलंडच्या कोलिझियम स्टेडियमला न्यायचात, स्टेशनवरून तो लांबच लांब पूल चालत, खिशात तुमचा ट्रान्झिस्टर, कारण मॅच समोर चालू असली तरी तुम्हाला कॉमेंट्री रेडिओवरच्या बिल किंगचीच लागायची. लेफ्ट फील्डच्या मागच्या बाकांवर बसायचं, म्हणजे तिथे फील्डिंग करणारा रिकी अगदी पुढ्यात. मला पहिल्यांदा सगळाच गोंधळ वाटला होता. तुम्ही म्हणालात, क्रिकेटमध्ये चोरटी धाव असते ना, हा माणूस इथे अख्खा बेस चोरतो, म्हणजे बॉल टाकला जात असतानाच पळून पुढचा बेस गाठतो, तू बॉलकडे बघूच नकोस, बॉल टाकणाऱ्या पिचरच्या पायाकडे बघ.

आणि मग मला दिसायला लागलं. रिकी बेसपासून एकेक पाऊल सरकत पुढे यायचा, गुडघ्यात वाकून, हात खाली सोडलेले, बोटं सारखी हलताहेत. पिचरने टाच उचलली की तो बॅट्समनकडे टाकणार की फर्स्टला, हे त्याला आपल्या आधी कळायचं. टाकतोय असं दिसलं की हा सुटलाच! शेवटी डोकं पुढे करून छातीवर सपाट घसरत जायचा, विमान कसं अलगद टेकतं ते बघून ती स्लाइड सुधारली असं तो सांगायचा. 1982 मध्ये एका सीझनला 130 बेस, अख्ख्या करिअरमध्ये 1406. दुसऱ्या नंबरवर लू ब्रॉक, 938. मध्ये केवढं अंतर आहे बघा, आणि तुम्ही नेहमी म्हणता तसं खरा आकडा तर 2295 धावांचा आहे, कारण बेस चोरायचा तो शेवटी घरी, म्हणजे होम प्लेटवर, यायलाच.

अजून एक, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी डावखुरी. घरी आजी येऊन राहिली होती तेव्हा उजव्या हाताने जेव, उजव्या हाताने लिही असं सारखं चालायचं. तुम्ही एकदा सहज म्हणालात की रिकी बॉल डाव्या हाताने टाकतो आणि बॅटिंग उजव्याने करतो, असा प्लेयर फार क्वचित सापडतो. त्या दिवसापासून मला माझ्या हाताची लाज वाटली नाही.

1 मे 1991 तर कसा विसरणार. न्यूयॉर्कच्या यांकीज टीमविरुद्ध थर्ड बेस चोरून 939 झाले, लू ब्रॉकचा विक्रम मोडला, त्याने बेस उपटून डोक्यावर धरला आणि माइकवर म्हणाला की आज मी सगळ्यात ग्रेट आहे. संध्याकाळी तुमच्याकडे टीव्हीवर ते दाखवलं तेव्हा मोठी माणसं म्हणाली, केवढा हा गर्व. तुम्ही एकटेच म्हणालात, अहो त्याआधी देवाचे, ऑकलंडचे, आईचे आभार मानलेत ते नाही का ऐकलं? लू ब्रॉक शेजारीच उभा होता, त्याचंही नाव आदराने घेतलं. मला अजूनही तुमचंच पटतं. ऑकलंडमध्ये वाढलेल्या मुलाने ऑकलंडच्याच मैदानात उभं राहून ते म्हणायचं नाही तर कुठे म्हणायचं?

2024 च्या सप्टेंबरमध्ये, रिकी जायच्या आधी, कोलिझियममध्ये एजची शेवटची मॅच झाली तेव्हा तुम्ही त्या 46,889 लोकांत होतात. रिकी आणि त्याचा जुना टीममेट डेव्ह स्टुअर्ट मॅचआधी मानाचा पहिला बॉल टाकायला आले तो फोटो पाठवलात, खाली नुसतं "आपला रिकी". टीम गाव सोडून गेली आणि तीन महिन्यांत तोही गेला, ऑकलंडच्या लोकांना कसं झालं असेल याचा विचारही करवत नाही.

मग जानेवारीत त्याची शोकसभा झाली तिला तुम्ही गुडघेदुखी असूनही गेलात आणि तिथून मला व्हॉइस मेसेज पाठवत राहिलात, कोण बोललं, लोक कधी हसले, कधी रडले. इकडे रात्र होती, मी इयरफोन लावून स्वयंपाकघरात ऐकत बसले होते. माझ्या वतीने कोणीतरी तिथे होतं, याने मला किती बरं वाटलं ते शब्दांत नाही सांगता येत. खूप खूप थँक्यू काका. बार्टच्या तिकिटांसाठी, पिचरच्या टाचेसाठी, त्या फोनसाठी.

आणि एक ऐका माझं. 44व्या वर्षापर्यंत मेजर लीगमध्ये धावलेला तो माणूस न्यूमोनियाने गेला. तुम्ही त्याची लस घ्यायचं वर्षभर टाळताय असं काकू म्हणाल्या. या आठवड्यात घेऊन टाका, मी रविवारी फोन करून विचारणार आहे.

तुमची,
पुण्याची डावखुरी