उरलेल्या फांद्यांचा कोळसा करू द्या

महोदय,

मंगळवार पेठेत माझं इस्त्रीचं दुकान आहे. विजेची इस्त्री ठेवलीय, पण खादीला आणि जाड सुती कपड्याला मी अजून कोळशाची पितळी इस्त्रीच लावतो. तिच्या वजनानंच निम्मं काम होतं. कोळशाचं पोतं घेतलं की वर चांगले खडे आणि तळाला भुगा. कुठल्या झाडाचा म्हणून विचारावं, तर दुकानदार ‘गाडी येते’ एवढंच सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात भुदरगड तालुक्यात मेव्हण्याकडं गेलो होतो. त्यानं डोंगराकडच्या मालकी रानातली ऑस्ट्रेलियन बाभूळ तोडायला दिलेली. व्यापाऱ्यानं बुंधे नेले आणि मनगटाएवढ्या फांद्या बांधावर टाकून दिल्या. शिमग्याच्या सुमारास कुणी गवताला काडी लावली, तर वणवा त्या ढिगावरूनच वर चढणार.

आम्ही २०० लिटरचं रिकामं बॅरल आणलं. तळाला भोकं पाडली, सुक्या फांद्या ठासून भरल्या, झाकण घट्ट बसवलं आणि तीन दगडांवर ठेवून खाली जाळ केला. तासाभरानं भोकांतून ज्वाळा फुसफुसायला लागल्या. लाकडातला वायूच पेटतो, त्यामुळं धूर कमी आणि खालचं जळणही कमी लागतं. ज्वाळा विझल्यावर भोकं चिखलानं लिंपली. पण मला कुठला धीर! संध्याकाळीच झाकण काढलं. वारं लागताच काळे कोळसे डोळ्यांदेखत लाल झाले. पाणी मारेपर्यंत निम्म्याची राख. दुसऱ्या खेपेला रात्रभर हात लावला नाही. सकाळी निघालेला कोळसा एकमेकांवर आपटला की खणखण वाजत होता.

मातीखाली भट्टी लावून कोळसा पाडायच्या जुन्या रीतीत १०० किलो सुक्या लाकडाचा १० ते २० किलो कोळसा मिळतो. बंद भांड्यात नीट साधलं तर २५ ते ३० किलोपर्यंत जातो, खालचं जळण वेगळं.

दोन पोती कोल्हापूरला आणावीत म्हणून एका कार्यालयात विचारलं. एक साहेब म्हणाले, वाहतुकीचा पास लागत नाही. दुसरे म्हणाले, गाडी पकडली तर आमच्याकडं येऊ नका. मुलीनं कायदा शोधून दाखवला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा जंगलातला असो वा नसो, वनोपजच, म्हणजे जंगलाचं उत्पन्नच, धरलाय. म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या बांधावरचाही.

कायद्याला माझी हरकत नाही. बाभळीच्या नावाखाली ऐन-किंजळासारखी जंगली झाडं जाळणारेही असतात. माझी मागणी एवढीच, की मालकी रानातल्या तोडीची पाहणी होते तेव्हाच उरलेल्या फांद्यांचं वजन लिहावं आणि त्याच अर्जावर कोळशाचा वाहतूक पास द्यावा. १०० किलो फांद्यांच्या नोंदीवर कुणी ६० किलो कोळसा आणला, तर चोरी तिथंच उघडी पडेल. अंगठ्याहून बारीक काटक्या मातीवरच कुजू द्याव्यात. राधानगरी अभयारण्यात उन्मळलेल्या झाडाला तर हातच लावू नये. त्यावर वाळवी, बुरशी, सुतार पक्षी जगतात.

आमची दोन पोती अजून मेव्हण्याच्या गोठ्यात पडून आहेत. मी परवाच भुग्याचं आणखी एक पोतं विकत आणलं.

– एक इस्त्रीवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर