अवयवदानाच्या शंकांना नेमकी उत्तरे हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अवयवदानावर छापून येणाऱ्या मजकुरात बहुतेक वेळा एकच सूर असतो: हे श्रेष्ठ दान आहे, म्हणून करा. हे तत्त्व न पटणारा माणूस क्वचितच भेटतो. तरीही नोंदणीचा अर्ज समोर आला की हात आखडतो. कारण मनात भीती असते आणि रुग्णालयात त्या वेळी नेमके काय घडते हे कोणी सांगितलेले नसते. लोक हळू आवाजात ज्या शंका विचारतात, त्यांची उत्तरे म्हणून हे पत्र.

पहिली भीती अशी की, नोंदणी केलेली दिसली तर डॉक्टर वाचवण्याचे प्रयत्न अर्ध्यावर सोडतील. उपचार करणारे डॉक्टर वेगळे आणि प्रत्यारोपण करणारे वेगळे असतात. रुग्णाच्या जगण्याची शक्यता असेपर्यंत नोंदवही उघडायचे कुणाला कारणच नसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उपचारात कसूर झालेल्या माणसाचे अवयव कुणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत. मूत्रपिंड, यकृत, हृदय चांगले राहायचे तर शेवटपर्यंत रक्तदाब टिकवावा लागतो, प्राणवायू द्यावा लागतो. म्हणून हे दान जवळजवळ नेहमी अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर, पूर्ण उपचार होऊनही न वाचलेल्या माणसाकडूनच होते. असे मृत्यू फार थोडे असतात. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की तिथे मरण पावणाऱ्या शंभरांतील साधारण एकालाच अवयव देता येतात. नोंदणी केलेल्या बहुतेकांवर ही वेळ कधी येतच नाही, आणि म्हणूनच नोंदणी करणारे खूप असावे लागतात.

दुसरी शंका सर्वांत खोल आहे आणि तिला घाईने उत्तर देणे योग्य नाही: छाती हलते आहे, अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसत आहेत, मग माणूस गेला कसा म्हणायचा? हृदयाचे ठोके हृदयातच तयार होणाऱ्या विद्युतसंदेशावर पडतात, त्यासाठी मेंदूची आज्ञा लागत नाही. प्राणवायू मिळतो तोवर ते धडधडत राहते, आणि इथे तो यंत्र पुरवत असते. श्वासाचे मात्र तसे नाही. श्वासाची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभातून येते. तो भाग कायमचा बंद पडला की माणूस पुन्हा स्वतःचा श्वास घेऊ शकत नाही. यालाच मेंदूमृत्यू म्हणतात. कोमातला रुग्ण वेगळा: त्याचा मेंदूस्तंभ जिवंत असतो आणि त्यातले काही जण शुद्धीवरही येतात. मेंदूमृत ठरल्यावर परत आलेले कोणी नाही.

हे ठरवण्याआधी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. मेंदूला इजा कशाने झाली हे निश्चित माहीत हवे. झोपेच्या किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल उतरलेला हवा. शरीर थंड पडलेले नको, रक्तदाब आणि रक्तातले क्षार ठीक हवेत. यातले काही बिघडलेले असेल तर चाचणी पुढे ढकलतात. मग डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुल्या आकसतात का पाहतात, कापसाच्या टोकाने बुबुळाला स्पर्श करतात, कानात बर्फाचे पाणी सोडून डोळे हलतात का बघतात, चेहऱ्यावर वेदना देतात, श्वासनलिकेत नळी घालून खोकला येतो का तपासतात. शेवटी श्वासाची चाचणी. रुग्णाला आधी शुद्ध प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काढतात. प्राणवायू नळीने चालूच राहतो, आणि आठ-दहा मिनिटे छाती-पोटावर नजर ठेवतात. या वेळात रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. एरवी त्याचा दाब पाऱ्याच्या चाळीस मिलिमीटरच्या आसपास असतो. बहुतेक ठिकाणच्या नियमांनुसार तो साठ मिलिमीटरपर्यंत चढूनही श्वासाची एकसुद्धा हालचाल दिसली नाही, तरच चाचणी पूर्ण होते. छाती जराशी उचलली तरी व्हेंटिलेटर पुन्हा जोडून उपचार चालू ठेवतात. भारतात चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने हे सारे दोनदा करायचे असते. ब्रिटनमध्ये दोन अनुभवी डॉक्टर दोनदा करतात. प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यचिकित्सकाचा या निर्णयात भाग नसतो.

इथे नातेवाइकांना आधी सांगून ठेवायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. मेंदूमृत व्यक्तीची बोटे किंवा पाय कधीकधी हलतात, क्वचित हातही उचलला जातो. ही हालचाल पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतून येते, तिचा मेंदूशी संबंध नसतो. पण अगोदर कल्पना नसेल तर ती पाहून घरचे हादरतात आणि दिलेली संमती मागे घेतात. त्यांचा यात काहीच दोष नाही. त्यांना वेळेवर सांगितलेले नसते.

वयाचा आणि आजाराचा प्रश्न सोपा आहे: तो आपण सोडवायचाच नाही. मधुमेह आहे, चष्मा आहे, सत्तरी उलटली आहे, म्हणून लोक स्वतःच स्वतःला बाद करतात. नव्वदी ओलांडलेल्या दात्याचे यकृतही यशस्वीपणे बसवले गेले आहे. नेत्रपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह आड येत नाही. कोणता अवयव चालेल हे त्या दिवशीच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अवयवाचा तुकडा तपासून ठरते. पसरलेला कर्करोग, आटोक्यात न आलेला जंतुसंसर्ग, रेबीज यांसारख्या मोजक्या कारणांनी नकार मिळतो.

शरीर विद्रूप होईल का? अवयव शस्त्रक्रियागृहात, नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखेच काढतात आणि चीर टाके घालून बंद करतात. कपडे घातल्यावर ती दिसत नाही. नेत्रदानानंतर पापण्या मिटलेल्या असतात, चेहरा तसाच राहतो. त्वचेचा एक मिलिमीटरहूनही पातळ थर मांड्यांवरून, पाठीवरून घेतात. अडचण खरी आहे ती वेळेची. संमतीपासून पार्थिव हाती येईपर्यंत बारा ते चोवीस तास, कधी अधिक जातात, कारण तपासण्या करायच्या असतात, ज्यांना अवयव बसवायचे ते रुग्ण शोधून बोलवायचे असतात. शरीराबाहेर हृदय चार ते सहा तास, यकृत साधारण बारा, मूत्रपिंड चोवीस ते छत्तीस तास टिकते. त्यानुसार सगळ्यांची वेळ जुळवावी लागते. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांची कागदपत्रे आणि शवविच्छेदनही आलेच. अंत्यविधीची वेळ ठरवण्यापूर्वी रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला हे स्पष्ट विचारावे.

‘अवयव श्रीमंतांनाच मिळतात’ हा आक्षेप झटकून टाकू नये. वाटपाच्या यादीत रक्तगट, ऊतींची जुळणी, शरीराचा आकार, आजाराची तीव्रता, प्रतीक्षेचा काळ आणि अंतर पाहतात. यकृतासाठी तर रक्तातले बिलिरुबिन, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याचा वेग यांवरून गुण काढतात आणि त्यात पैशाला जागा नाही. पण त्या यादीपर्यंत पोहोचणे आणि शस्त्रक्रियेनंतर जन्मभर औषधे घेणे, हे जिथे स्वखर्चाने करावे लागते तिथे गरीब मागे पडतो. हा अन्याय सरकारने दूर करावा अशी मागणी जोरात व्हायला हवी. दाते कमी झाले तर त्याच गरिबाची रांग आणखी लांबते. खर्चाबाबत आणखी एक: दानासाठी होणाऱ्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांचा भार दात्याच्या कुटुंबावर पडायला नको. मृत्यू घोषित होण्यापूर्वीच्या उपचारांचे बिल मात्र दानामुळे माफ होत नाही, आणि तसे गृहीत धरल्यामुळे वाद होतात.

धर्माचे म्हणाल तर बहुतेक धर्मांतील मान्यवरांनी याला अनुकूलता दाखवली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांसमोर तसे जाहीर सांगितले होते. ज्याच्या मनात खटका असेल त्याने आपल्या धर्मगुरूंना विचारावे. फक्त डोळे किंवा फक्त मूत्रपिंडे देण्याचीही मुभा असतेच.

देहदान आणि अवयवदान यांची गल्लतही फार होते. देहदानात सबंध देह वैद्यकीय शिक्षणासाठी देतात. अवयव काढलेला देह वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीररचनाशास्त्र विभाग सहसा घेत नाहीत, फक्त नेत्रदान केलेला चालतो. घरी नैसर्गिक मृत्यू आला तर हृदय किंवा यकृत देता येत नाही. नेत्रपटल देता येते, शक्यतो सहा तासांच्या आत. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला लगेच फोन करावा.

एवढे सगळे पटून अर्ज भरला तरी एक काम उरते आणि नेमके तेच राहून जाते. स्पेनने १९७९ च्या कायद्याने, नकार नोंदवला नसेल तर प्रत्येक जण दाता मानला. तरीही तिथे कुटुंबाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिथले दानाचे प्रमाण वाढले ते १९८९ नंतर, रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमून कुटुंबांशी नीट बोलणे सुरू झाल्यावर. म्हणजे अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या पत्नीला, मुलाला, भावाला प्रश्न विचारला जाणारच. मेंदूमृत्यूनंतर रक्तदाब कोसळू लागतो, लघवीवाटे पाणी भराभर जाते, शरीर थंड होत जाते. उत्तर काही तासांतच द्यायचे असते. ‘त्याला काय वाटत होते ठाऊक नाही’ असे म्हणणारे कुटुंब बहुधा नाहीच म्हणते.

म्हणून अर्ज भरल्याच्याच दिवशी घरातल्या किमान दोघांना सांगावे: नोंदणी केली आहे, कोणते अवयव द्यायचे आणि कोणते नाहीत, नोंदणीचा कागद कुठे ठेवला आहे. घरातून विरोध होईल असा जो कोणी वाटत असेल, त्याच्याशी तर सर्वांत आधी बोलावे. नोंदणी केव्हाही रद्द करता येते किंवा अवयवांची निवड बदलता येते. तसा बदल केला, तर तोही त्याच दोघांच्या कानावर घालावा.

आपले,
अतिदक्षता विभागात काम करणारे काही डॉक्टर व प्रत्यारोपण समन्वयक