‘गॅसलाइट’ आधी रंगमंचावर पेटला

आपल्या रविवार पुरवणीतील ‘गॅसलायटिंग’वरचा लेख वाचला. जोडीदाराला स्वतःच्याच शुद्धीबद्दल शंका यावी, अशा पद्धतीने केला जाणारा छळ त्यात नेमका मांडला आहे. मात्र या शब्दाचे श्रेय फक्त १९४४च्या ‘गॅसलाइट’ या हॉलिवूडपटाला देणे पटले नाही. मुळात ‘गॅस लाइट’ हे ब्रिटिश नाटककार पॅट्रिक हॅमिल्टन यांचे नाटक. ५ डिसेंबर १९३८ रोजी इंग्लंडमधल्या रिचमंड थिएटरमध्ये ते प्रथम रंगमंचावर आले. बरोबर तीन वर्षांनी, ५ डिसेंबर १९४१ला, ते ‘एंजल स्ट्रीट’ या नावाने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले आणि तिथे त्याचे तब्बल १,२९५ प्रयोग झाले. चित्रपट झळकला तेव्हाही तिथले प्रयोग चालूच होते.

शिवाय या कथेची सगळी ताकद रंगमंचीय आहे. नवरा बाहेर जातो असे सांगून चोरून वरच्या बंद मजल्यावर शिरतो आणि माणके शोधत बसतो. त्याने तिथला गॅसचा दिवा लावला की घरातला गॅस वाटला जातो आणि खालच्या दिवाणखान्यातली ज्योत मंदावते. त्याची बायको बेला एकटीच छताकडे पाहत असते. तो उजेड आपल्या डोळ्यांदेखत, त्याच दालनात कमी होतो. ती भ्रमिष्ट नाही, हे प्रत्येक प्रेक्षकाला कळते. तिला ते सांगायला घरात कोणी नसते. प्रकाशयोजनेतून नाटककाराने साधलेला हा परिणाम लेखात दोन ओळींत तरी यायला हवा होता.

– एक नाट्यप्रेमी वाचक, डोंबिवली