सर्व्हेची बातमी छापताय, मग सर्व्हे कसा केला तेही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मधे एक चौकट आली होती, बहुसंख्य पुणेकर आता घरी डाळ-तांदूळ भिजवत बसत नाहीत, इडलीचं तयार पीठ आणतात, असं म्हणे एका सर्व्हेत दिसून आलंय. असेल बुवा, आमच्या डेअरीवर पण पिठाच्या पिशव्या दिसतात. पण अख्खी चौकट दोनदा वाचून काढली तरी किती जणांना विचारलं, कुठल्या भागात विचारलं, घरी जाऊन की फोनवर की मोबाईलवर लिंक पाठवून, आणि या सगळ्याचे पैसे कोणी भरले, यातलं एक अक्षर सापडलं नाही. कंपनीच्या साहेबांचा फोटो मात्र होता हसरा, आणि ती कंपनी पीठच विकते. म्हणून हे पत्र.

मी मार्केट रिसर्चच्या फील्डवर बरीच वर्षं काढलीत, आधी इंटरव्ह्यूअर, मग सुपरवायझर. पुणे, सोलापूर, लातूर, कोल्हापूर, जिकडे पाठवतील तिकडे. त्यामुळे एवढं नक्की सांगू शकतो की टक्केवारी मुंबईच्या एसी ऑफिसात प्रेझेंटेशनमधे दिसते पण ती तयार होते कोणाच्या तरी दारात, चपला काढायच्या की नाही हे ठरत नसतं तेव्हा. दारात काम नीट झालं नसेल तर पुढे कितीही मोठा स्टॅटिस्टिशियन बसवा, काही उपयोग नाही.

लोकांना वाटतं सर्व्हे म्हणजे रस्त्यात कुणाला तरी थांबवून विचारायचं. तसेही करतात, मॉलच्या दारात उभं राहून, पण शहराबद्दल काही बोलायचं असेल तर ते चालत नाही. नीट करायचं तर असं असतं: मतदार यादीतून एक पत्ता काढून देतात, तो स्टार्टिंग पॉइंट. तिथून उजव्या हाताने चालत सुटायचं, एक इंटरव्ह्यू झाला की ठरलेली घरं सोडायची आणि पुढच्या घराची बेल वाजवायची. याला फील्डवर राईट हँड रूल म्हणतात. कागदावर सोपं वाटतं. आता हाच नियम घेऊन नारायण पेठेतल्या वाड्यात शिरा. बोळातून आत गेलं की चौक, चौकाच्या कडेने दोन जिने, मागे भाडेकरू, वर मालकांचे दोन भाऊ, एकाच दारावर तीन आडनावांच्या पाट्या. घरं मोजायची कशी? तर नियम असा की एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. म्हणजे भाऊ वेगळे राहतात का हे विचारून भागत नाही, स्वयंपाक वेगळा होतो का ते विचारावं लागतं, आणि हा प्रश्न काही घरांत किती नाजूक असतो हे ज्याने विचारलाय त्यालाच माहीत. एका वाड्यात मी हे विचारल्यावर दोन जावांमधे माझ्यासमोरच जुंपली होती.

बरं घर सापडलं म्हणजे झालं असं नाही. दारात जो आला त्यालाच विचारून मोकळं व्हायचं नसतं. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची वयाप्रमाणे यादी करायची आणि एका छापील तक्त्यावरून कोणाशी बोलायचं ते ठरवायचं. लेस्ली किश नावाच्या माणसाने १९४९ मधे तो तक्ता मांडला, अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो, किश ग्रिड. तक्त्यात नेमकी ती सून निघते जी हिंजवडीला कामाला जाते आणि रात्री साडेआठला घरी येते. सासूबाई म्हणतात अहो मला विचारा ना, मी रिकामीच आहे. नाही विचारता येत. परत जायचं, नाही भेटली तर परत जायचं. हे केलं नाही तर सकाळी अकराला घरी सापडणाऱ्या माणसांचाच सर्व्हे होतो, आणि त्यावर बातमी छापून येते की पुणेकरांना काय वाटतं.

आणि हल्ली तर मोठ्या सोसायट्यांच्या गेटवरून आतच सोडत नाहीत. वॉचमन रजिस्टर पुढे करतो, कोणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर काय? आता जो नंबर मला आत जाऊन नियमाने काढायचाय तो गेटवर कसा सांगू? सेक्रेटरीचं पत्र आणा म्हणतात. त्यामुळे वरच्या वर्गाचा कोटा, म्हणजे त्या वर्गातले किती इंटरव्ह्यू हवेत तो ठरवून दिलेला आकडा, महिन्याच्या शेवटपर्यंत रिकामा राहतो आणि मग चुलतभाऊ, मेव्हणा, मेव्हण्याचा बॉस अशी भरती सुरू होते. श्रीमंतांच्या आवडीनिवडींच्या ज्या बातम्या येतात त्या वाचताना मला हटकून ते गेट आठवतं.

वर्ग कसा ठरवतात तेही गमतीचं आहे. पगार किती असं विचारलं तर खरं कोणी सांगत नाही, आणि का सांगावं म्हणा. म्हणून २०११ पासून आपल्याकडे घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरात अकरा वस्तूंपैकी किती आहेत एवढ्यावर घराला ए१ पासून ई३ पर्यंत बारा पायऱ्यांत बसवायला लागले. वीज कनेक्शन, पंखा, गॅस, दुचाकी, कलर टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी, आणि शेतजमीन. शेवटचं ऐकून शहरातले लोक हसतात, पण लातूरकडे तोच प्रश्न विचारला की माणूस सरळ बसून बोलायला लागतो.

आता इंटरव्ह्यूबद्दल. क्लायंटला, म्हणजे सर्व्हे करवून घेणाऱ्या कंपनीला, सगळंच एकदम विचारून घ्यायचं असतं, त्यामुळे पाऊण तासाची प्रश्नावली असते आणि मधे एक भला मोठा तक्ता, बारा ब्रँड आडवे आणि वीस वाक्यं उभी, हा ब्रँड विश्वासू वाटतो का, हा माझ्यासारख्या लोकांसाठी आहे का. अहो साबण आहे तो. पहिल्या तीन ब्रँडपर्यंत बाई विचार करून सांगते, चौथ्याला दूध उतू जायला लागतं, ती आतूनच ओरडून सांगते की तुम्ही लिहा ना तुम्हाला काय वाटतं ते. आणि इंटरव्ह्यूअरला पैसे पूर्ण झालेल्या इंटरव्ह्यूमागे मिळतात, अर्धवट राहिलेल्याचे नाही, तेही दोन-दोन महिने उशिरा. मग तो काय करेल? सगळेच करतात असं नाही, उन्हात पाचव्या मजल्यावर तिसऱ्यांदा चढून जाणारी पोरं-पोरी मी पाहिलीत. पण जो बागेत बाकावर बसून फॉर्म भरतो त्याला दिवसाचे जास्त मिळतात, ही व्यवस्थाच उलटी आहे.

पकडायचो आम्ही. बॅकचेक असतो, म्हणजे काही घरी सुपरवायझर परत जातो किंवा फोन करतो, की आमचा माणूस आला होता का, किती वेळ बसला, काय विचारलं. आता टॅबवर काम चालतं, जीपीएस लागतं, मधेच आवाज रेकॉर्ड होतो, पाऊण तासाचा इंटरव्ह्यू नऊ मिनिटांत झाला तर लगेच कळतं. पण मला विचाराल तर खोटा फॉर्म वाचूनच कळायचा. खरा माणूस विसंगत बोलतो. आधी म्हणतो जाहिरात बघून घेतलं, नंतर म्हणतो मला टीव्ही बघायला वेळ नसतो. खोट्या फॉर्ममधला माणूस फारच मुद्देसूद असतो.

खरा माणूसही खरंच सांगतो असं नाही हां. खोटं बोलतो असंही नाही, घरी आलेल्याला बरं वाटेल ते सांगतो. चहा कुठला वापरता विचारलं की टीव्हीवरच्या ब्रँडचं नाव. मग पुढच्या प्रश्नाला आम्ही म्हणायचो, जरा पाकीट आणून दाखवता का, कोड टिपायचाय, आणि आतून सुट्ट्या चहाची पुडी यायची, वर रबरबँड. म्हणून काही अभ्यासांत घरात एक वेगळी कचऱ्याची बादली देतात, की बाई सगळी रिकामी पाकिटं आणि रॅपर यातच टाका, महिनाअखेरीस येऊन मोजतो. लोकांना वाटतं काय वेडे आहेत. पण त्या बादलीवर माझा प्रश्नावलीपेक्षा जास्त विश्वास आहे.

आणि ते दहापैकी किती मार्क द्याल वालं प्रकरण. फ्रेड रायकहेल्ड नावाच्या कन्सल्टंटने २००३ मधे लेख लिहून हा प्रश्न गाजवला, की आमची शिफारस मित्राला करण्याची शक्यता किती, नऊ-दहा म्हणजे खूश, सहा किंवा खाली म्हणजे नाराज, सात-आठवाले धरायचेच नाहीत. आता आपल्याकडे गाडी सर्व्हिसिंगला टाका, चावी देताना पोरगा हळूच म्हणतो, काका कॉल येईल, प्लीज दहाच द्या, नऊ दिले तरी इन्सेंटिव्ह कापतात. गाडीचा ब्रेक अजून आवाज करतोय, तरी मी दहा दिले, पोराच्या पोटावर कशाला पाय द्यायचा. तुमच्याकडे उद्या बातमी येईल की अमुक कंपनीचे ग्राहक सर्वात समाधानी!

ऑनलाइन लिंकबद्दल तर बोलायलाच नको. लिंक फिरते ग्रुपवर, ज्याला वेळ आहे किंवा राग आलाय तो भरतो, आणि मग हजारो लोकांनी मत नोंदवलं असं मोठ्या अक्षरात. हजारो असून काय उपयोग? अमेरिकेत १९३६ मधे अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने तब्बल एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, फोन आणि मोटारीवाल्यांच्या याद्यांवरून नावं काढून, तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यांनी सांगितलं रूझवेल्ट हरणार, समोरचा उमेदवार लँडन जिंकणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप नावाच्या सर्व्हेवाल्याने त्यापेक्षा कितीतरी लहान सॅम्पलवर, म्हणजे निवडून विचारलेल्या थोड्या लोकांवर, बरोबर सांगितलं होतं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात खालवर हलवलेला असेल तर, नुसतं वरचं शीत चेपून काय कळणार.

आपल्याकडे हे माहीत नव्हतं असंही नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधे तागाच्या पिकाची पाहणी करत होते तेव्हाच त्यांनी एकाच भागात दोन वेगवेगळी पथकं पाठवून दोघांचे आकडे ताडून बघायची पद्धत काढली होती, म्हणजे मोजणाऱ्याचीही मोजणी. त्याच काळात आपल्या पुण्यात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या गोखले इन्स्टिट्यूटने शहरातल्या कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. नव्वद वर्षं होत आली त्याला, आणि आपण अजून लिंकवर क्लिक मोजतोय.

रागावू नका संपादकसाहेब, पण पद्धत महत्त्वाची असते हे पेपरवाल्यांना चांगलं कळतं, स्वतःच्या आकड्यांवर आलं की. वाचकसंख्येचा आयआरएस, म्हणजे इंडियन रीडरशिप सर्व्हे, २०१३ चा आठवा. दोन लाखांहून जास्त घरांचं सॅम्पल, टॅबवर घेतलेले इंटरव्ह्यू, आणि २०१४ च्या जानेवारीत आकडे आल्यावर देशातल्या मोठमोठ्या वृत्तपत्रांनी एकत्र निवेदन काढून तो फेटाळला. त्या निवेदनात नागपूरचं उदाहरण होतं, तिथल्या हितवाद या इंग्रजी दैनिकाचा साठ हजारांचा प्रमाणित खप आणि सर्व्हेत वाचक शून्य. बरोबरच होता राग. सॅम्पल कसं काढलं, किती घरं, कुठली, सगळे प्रश्न तेव्हा विचारले गेले. मग इडलीच्या पिठाला का नाही?

निवडणुकीआधीच्या सर्व्हेबाबत प्रेस कौन्सिलच्या मार्गदर्शक सूचना आहेतच, की पाहणी कोणत्या संस्थेने केली, कोणी करवून घेतली, सॅम्पल किती आणि कसलं, निवड कशी केली, चूक किती असू शकते हे बातमीच्या सुरुवातीलाच ठळक सांगावं. तेच इथे लावा. त्यात माझ्याकडून दोनच गोष्टी वाढवा, प्रश्न जसा विचारला तसाच्या तसा छापा आणि किती जणांनी दार लावून घेतलं तेही विचारा, कारण ते कंपनी आपणहून कधीच सांगत नाही. जागा नाही म्हणू नका, साहेबांचा फोटो थोडा लहान केला तर चार ओळी आरामात बसतील. आणि कंपनीची मेल आली की आधी त्यांच्याकडे प्रश्नावली मागा. चांगली एजन्सी असेल तर तासाभरात पाठवते. टाळाटाळ केली तर ती मजकुराची जागा नाही, जाहिरात विभागाकडे पाठवा, त्यांनी रीतसर दर लावावा.

कळावे,
एक जुना फील्ड सुपरवायझर,
पुणे