पुनाखाच्या दोन रात्री कापू नको

मु. पो. जि. यवतमाळ

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला भूतानचा बेत तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवला. आम्हा दोघांना सोबत न्यायचं तुझ्या आणि सूनबाईच्या मनात आलं, त्यानंच जीव सुखावला. पण मला वाटतं ते स्पष्ट लिहितो. सात दिवसांत थिंफू, पारो, पुनाखा, 'हा' नावाचं खोरं, फोबजिखा आणि बुमथांग एवढं सगळं होणार नाही. पहिली तीन ठेव, बाकीची सोड.

नकाशावर तो देश चिमूटभर दिसतो. क्षेत्रफळ ३८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या विदर्भाच्या निम्म्याहूनही कमी. पण आपण यवतमाळहून नागपूरला तीन तासांत पोचतो, साधारण तेवढंच अंतर फुंटशोलिंगहून थिंफूला कापायला पाच-सहा तास लागतात. सगळा घाटच आहे. आपल्या गावचे फौजी काका सीमा रस्ते संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पावर तिथं होते, त्यांना काल मुद्दाम बोलावून विचारलं. दंतक १९६१ साली सुरू झालं. त्याआधी १९५८ मध्ये पंडित नेहरू पारोला गेले, तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. नाथू ला ही खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून त्यांना जावं लागलं. काका म्हणाले, तिथं किलोमीटर मोजू नका, तास मोजा. बुमथांगला थिंफूहून जायलाच अख्खा दिवस जातो. तुझ्या आईचे गुडघे आणि छकुलीचं गाडीत मळमळणं, दोन्ही लक्षात घे.

दिवाळीत जायचं म्हणतोस, ते आमच्यानं होणार नाही. तेव्हा कापूस फुटलेला असतो आणि वेचाईला मजूर मिळत नाहीत. हवा त्या दिवसांत सगळ्यात निवळ असते आणि फोबजिखाच्या खोऱ्यात काळ्या मानेचे क्रौंच तिबेटकडून उतरलेले असतात, हे मला माहीत आहे. ते पाहायची मलाही फार इच्छा आहे. पण छकुलीची परीक्षा आटोपली की एप्रिलच्या शेवटी निघू. हरभरा घरात आलेला असतो, वखरवाहीला थोडा अवकाश असतो. इथं ४४ अंशांत भाजत असताना तिथं डोंगरांवर गुरास, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असेल. जूननंतर मात्र नाव काढू नको, पावसात दरडी कोसळतात.

आता कागदांचं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदान कार्ड हवं, आधार चालत नाही. आईच्या मतदान कार्डावर नाव चुकीचं छापलंय, तिच्या माहेरचं आणि सासरचं एकत्र झालंय. दुरुस्तीचा ८ नंबरचा फॉर्म मी भरून दिला आहे. छकुलीचा जन्माचा दाखला तू काढून ठेव.

खर्चाचं तू बोलला नाहीस, म्हणून मीच बोलतो. तिथं भारतीय पर्यटकाला माणशी रोज रात्रीचे १,२०० रुपये शुल्क द्यावं लागतं, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. आपण चौघं मोठे आणि छकुली मिळून एका रात्रीचे ५,४०० होतात. सात रात्रींचे ३७,८००. राहणं-खाणं वेगळं. त्यातला आमचा दोघांचा वाटा मी देणार, यावर वाद नको. रक्कम मोठी आहे, पण मला ती रास्त वाटते. देशाची साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील असं त्यांनी राज्यघटनेतच लिहून घेतलंय. आपल्याकडे सागवान कसं विरळ होत गेलं ते मी डोळ्यानं पाहिलंय, म्हणून हे पैसे देताना मला जड जाणार नाही.

जाताना रेल्वेनं जाऊ, येताना विमानानं. नागपूरहून गीतांजलीनं हावडा, सियालदहहून रात्रीची कांचनकन्या, ती चहाच्या मळ्यांतून हासीमाराला सोडते. तिथून जयगाव जवळच, आणि कमानीपलीकडं फुंटशोलिंग. पहिली रात्र तिथंच काढू. ते गाव सखल आहे आणि थिंफू २,३०० मीटरवर, म्हणून हळूहळू चढलेलं बरं. मग थिंफूला एक रात्र, पुनाखाला दोन, पारोला तीन. परतीला पारोहून कोलकात्याचं विमान.

थिंफू-पुनाखा वाटेवर दोचूला खिंड लागते, तीन हजार मीटरच्या वर. तिथं १०८ चोर्तेन, म्हणजे स्तूप आहेत, आसामी बंडखोरांविरुद्धच्या २००३ च्या लढाईतल्या सैनिकांच्या आठवणीसाठी राजमातेनं बांधलेले. फौजी काका त्याबद्दल बोलताना गप्प झाले. तिथं अर्धा तास तरी थांबू.

पुनाखाला दोन रात्री का, ते सांगतो. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर तिथला जोंग, म्हणजे किल्ल्यासारखा मठ, उभा आहे, १६३७-३८ चा. पहिल्या राजाचा राज्याभिषेक १९०७ साली तिथंच झाला. आपल्याकडे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, तो संगम मी तरुणपणी पाहिला तेव्हा काठावरून उठवेना. तिथंही मला तसंच बसायचं आहे, गाइड घाई करतोय असं नको. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. लाकडी पुलावरून आत जातात. आत जाताना अंगभर कपडे लागतात, टोपी काढावी लागते.

तक्तसांग पारोच्या दुसऱ्या दिवशी ठेव, पहिल्या नको. मठ ३,१२० मीटरवर कड्याला चिकटून आहे. वर जाताना अर्ध्या वाटेपर्यंत घोडा मिळतो, उतरताना मिळत नाही. आई घोड्यावर बसून मधल्या उपाहारगृहापर्यंत येईल, तिथून समोर मठ दिसतो. पुढं तुम्ही तिघं जा, मी तिच्याजवळ थांबतो.

ठेच्याची बरणी न्यायची असं ती म्हणते. नेऊ दे, पण गरज पडणार नाही, कारण तिथली रोजची भाजीच मिरच्यांची असते, चीजमध्ये शिजवलेली. तिला ती नक्की आवडेल. छकुलीसाठी मात्र साधा भात आणि डाळ आधीच सांगून ठेव.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. आईचं दुरुस्त कार्ड हाती आलं की फोन करतो, मगच तिकिटं काढ. गाव कमी करावंच लागलं तर थिंफूचा मुक्काम काप.

तुझे,
बाबा