रविवारची पाणपक्षी गणना: भरतीची वेळ पाहून या

ओहोटीला शिवडीच्या चिखलावर विखरून चरणारे गॉडविट, चिखल्या, टिलवे भरतीत चिखल बुडाला की नवी मुंबईतल्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या किंवा भांडुप पंपिंग स्टेशनच्या तळ्यांवर एका पायावर दाटीने विसावतात. तेच पक्षी दोन्हीकडे मोजले की आकडा फुगतो. म्हणून दोन्ही ठिकाणच्या तुकड्यांनी भरतीआधी 1 तास ते नंतर 1 तास एकाच वेळी मोजायचे. अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळेपेक्षा ठाणे खाडीत वरच्या अंगाला पाणी उशिरा चढते, शिवाय भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. गेल्या वेळची वेळ धरून येऊ नका. फोटोसाठी थवा उठवू नका (ड्रोन तर नकोच). लाटांमागे पळणारा सँडरलिंग इथे शोधू नका, त्याला अलिबागजवळच्या आक्षीसारखी वाळू लागते.