पाणी आधी ठेवलंय, काका

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तोंडावर आभार मानले की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणून विषय उडवता आणि लगेच विचारता, आज मीठ किती घातलंस. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. शिवाय संध्याकाळी दमून घरी येणाऱ्या आणि दारातच "भूक लागली" ऐकणाऱ्या बाकीच्या आईबापांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

हिची संध्याकाळची पाळी सुरू झाली आणि रात्रीचं जेवण माझ्याकडे आलं. मोठी सात वर्षांची, धाकटा चार. दोघांनाही भूक लागते ती एकदम, आणि लागली की थांबायची तयारी कुणाचीच नसते. तुम्ही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हयात घालवलेली, पंगतीच्या पंगती पोरं रोज वेळेवर जेवू घातलेली. म्हणून भाज्या घातलेला पास्ता कसा करायचा, हे तुमच्याकडे विचारायला आलो. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "घरात शिरल्यावर पहिलं काय करतोस?" मी म्हटलं, बूट काढतो. "बूट नंतर. आधी पाणी ठेव."

काका, त्या एका वाक्यासाठी मी तुमचा जन्माचा ऋणी आहे. चौघांना 300 ग्रॅम पास्ता, म्हणजे मोठ्यांना साधारण 90 आणि मुलांना 60 ग्रॅम. त्याला 3 लिटर पाणी. एवढं पाणी झाकण ठेवूनही उकळायला दहा-बारा मिनिटं घेतंच, आणि या वेळात आपण काही केलं नाही तरी ते उकळतच असतं. तेवढ्यात कांदा-लसूण चिरून होतो, गाजर किसून होतं, सॉस गॅसवर चढतो. मग पास्ता उकळत्या पाण्यात पडला की त्याची नऊ-दहा मिनिटं. बूट काढण्यापासून ताट वाढेपर्यंत अर्धा तासही लागत नाही. झटपट पास्ता म्हणून जे काही सांगितलं जातं त्यात नवनवीन जिन्नस असतात. तुम्ही मला जिन्नस एकही नवा दिला नाहीत, फक्त कामं एकाखाली एक लावून दिलीत.

मिठाचं म्हणाल तर इटालियन स्वयंपाकी लिटरभर पाण्याला 100 ग्रॅम पास्ता आणि 10 ग्रॅम मीठ धरतात. तुम्ही मुलांसाठी ते निम्म्यावर आणलंत, आणि मला ते पटलं. 1 ते 3 वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून 2 ग्रॅम आणि 4 ते 6 वर्षांच्यांना 3 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. वर चीज पडणार, त्यातही मीठ असतंच. पाण्यातलं सगळं मीठ काही पास्त्यात उतरत नाही, पण आमचा धाकटा पास्त्याचं पाणीसुद्धा चमच्याने पितो, त्याला कोण काय करणार!

पाण्यात तेल घालू नकोस, हेही तुमचंच. तेल वर तरंगत राहतं, खालचा पास्ता चिकटायचा तो चिकटतोच. त्यावर उपाय म्हणजे पहिली दोन मिनिटं डावाने ढवळत राहायचं. पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च तेव्हाच फुगून चिकट झालेला असतो. नंतर तो पाण्यात उतरतो आणि तुकडे सुटे होतात. चाळणीतल्या पास्त्यावर गार पाणी ओतायचं नाही, तेही याच स्टार्चपायी. तो धुऊन निघाला की सॉस पास्त्याला धरत नाही, ताटात खाली पाणी आणि वर कोरडा पास्ता असा प्रकार होतो. आणि गाळण्याआधी कपभर पाणी बाजूला काढून ठेवायचं. हे गढूळ पाणी मी आता दागिन्यासारखं जपतो. सॉसमधलं तेल आणि टोमॅटोचं पाणी एरवी फटकून वागतात, स्टार्च त्यांना धरून ठेवतो आणि सॉस मलईसारखा दाट होतो. क्रीमचा चमचाही लागत नाही.

आता भाज्या. इथे तुमचं म्हणणं मला आधी फार कडक वाटलं होतं. "वाटून लपवू नकोस. पोरांना आज ना उद्या कळतं, आणि मग त्यांना साध्या सॉसचाही संशय येतो." मी म्हटलं, मग ती बाजूला काढून ठेवतील. तुम्ही म्हणालात, "काढू देत. पण काढायला कंटाळा येईल इतकी बारीक चीर." यात मला वसतिगृहाचा अनुभव दिसला. मटाराच्या दाण्याएवढा तुकडा निवडत बसणं भुकेल्या पोराला परवडत नाही. तो चमच्यात आपोआप येतो, दिसतोही आणि पोटातही जातो.

पण सगळ्या भाज्या सारख्या नसतात. मुलांच्या जिभेला कडवटपणा आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. म्हणून तुम्ही हिरवी ढोबळी मिरची माझ्या पिशवीतून बाहेर काढलीत आणि लाल ठेवायला सांगितलीत. हिरवी म्हणजे कच्ची, तीच पिकली की लाल आणि गोड होते. गाजर किसून सॉसमध्ये घातलं की विरघळल्यासारखं होतं आणि टोमॅटोचा आंबटपणा मोडतो, साखरेची चिमूट वाचते. मक्याचे दाणे आणि मटार या दोघांवर तर कुणाचं वैर नसतं.

ब्रोकोलीबद्दल मात्र मला दोन शब्द जास्त लिहायचे आहेत, कारण आमच्या घरात तिचं नाव काढलं की मोठी नाकाला हात लावायची. तिचं चुकत नव्हतं. ब्रोकोली, कोबी, फुलकोबी या घराण्यात गंधकाची संयुगं असतात आणि जास्त वेळ उकळलं की तो वास घरभर सुटतो. रंगही उतरून शेवाळी होतो. तुम्ही दाखवलेली युक्ती अशी: सुपारीएवढे तुरे करायचे आणि पास्ता शिजायला शेवटची तीन मिनिटं उरली की त्याच पातेल्यात टाकायचे. फ्रोजन मटार शेवटच्या मिनिटाला. वेगळं भांडं नाही, वेगळा गॅस नाही, आणि पास्त्याबरोबरच सगळं चाळणीत. तुरे हिरवेगार राहतात, दाताखाली किंचित करकरतात आणि वास येत नाही. मोठी आता त्यांना झाडं म्हणते आणि पास्त्याच्या शंखांमध्ये एकेक झाड लावून खाते. खाण्याशी खेळू नये म्हणतात, पण ज्या खेळात ब्रोकोली संपते तो खेळ मी थांबवणार नाही.

शंखावरून आठवलं. आकार कुठला घ्यावा याकडे मी कधी लक्षच दिलं नसतं. बारीक चिरलेल्या भाजीला पीळदार फुसिली चांगली, तिच्या खाचांमध्ये तुकडे अडकतात. शंखात मटार जाऊन बसतो. लांब स्पगेटीवरून भाजी घसरून ताटाच्या तळाशी गोळा होते आणि मुलं वरचं खाऊन उठतात. फुलपाखरी पास्ता दिसायला गोड, पण मधला चिमटा कच्चा राहतो तोवर कडा मऊ होतात, म्हणून घाईच्या दिवशी मी तो टाळतो. आणि पाकिटातला हिरवा-तांबडा पास्ता भाजीच्या खात्यात धरायचा नाही. त्यात पालक किंवा टोमॅटो रंगापुरताच असतो.

सॉस तुम्ही करून दाखवलात तसाच करतो. दोन मोठे चमचे तेल थंड कढईत, त्यातच ठेचलेला लसूण, मग मंद आच. तापल्या तेलात लसूण टाकला की क्षणात करपतो आणि कडू होतो. मग बारीक कांदा, तो मऊ होऊन गोड वास येईपर्यंत. मग गाजराचा कीस, लाल ढोबळी, आणि शेवटी चिरलेले टोमॅटो. सात-आठ मिनिटांत टोमॅटो गळून तेल सुटायला लागतं. तेलात हात आखडू नकोस असं तुम्ही म्हणालात ते चवीसाठी, पण गाजरातलं बीटा कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन स्निग्ध पदार्थासोबतच अंगी नीट लागतं. टोमॅटोतलं लायकोपीन तर कच्च्यापेक्षा शिजवल्यावर जास्त मिळतं. पाकिटावरच्या वेळेच्या दीड-दोन मिनिटं आधी पास्ता गाळायचा आणि उरलेली मिनिटं सॉसमध्ये शिजवायचा, राखलेलं पाणी थोडं थोडं घालत. चीज गॅस बंद केल्यावर, नाहीतर त्याचे दोरे होतात आणि गोळा बसतो.

चीजवरून आपलं पटत नाही, ते इथेही पटणार नाही. तुम्हाला आयतं किसलेलं पाकीट चालतं. मी तुकडा आणून किसतो, कारण पाकिटातल्या किसाला एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा तसलंच काहीतरी चोळलेलं असतं आणि तो तितका छान वितळत नाही. तुम्ही म्हणता, घाईच्या वेळी किसणी धुवायची कुणी. तुमचंही खरं आहे. तरी मी किसणारच. शाकाहारी घरांसाठी एवढंच सांगतो की अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर, वापरतात, तेव्हा वेष्टन वाचून घ्यावं.

स्वयंपाकाइतकेच तुमचे आभार पाणी उकळेपर्यंतच्या त्या दहा मिनिटांसाठी. पोरांना तुम्ही कामाला लावलंत. धाकटा मटार मोजून वाटीत टाकतो, मध्येच चार तोंडात. मोठी बोथट सुरीने मशरूम कापते, मशरूम मऊ असल्यामुळे हात घसरत नाही. आणि तुम्ही त्यांना स्पगेटीच्या झाडाची गोष्ट सांगितलीत: 1 एप्रिल 1957 ला बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधलं एक कुटुंब झाडांवरून स्पगेटी तोडून उन्हात वाळत घालताना दाखवलं होतं, आणि असं झाड घरी कसं लावायचं हे विचारायला लोकांनी फोन केले होते. मोठी हसून हसून लोळली. धाकट्याने मात्र एक स्पगेटी कुंडीत खोचून ठेवली आहे आणि रोज पाणी घालतो. तिचं काय करायचं ते आता तुम्हीच बघा.

जेवताना गप्प बसायचं, हे शिकायला मला सगळ्यात जड गेलं. "एक घास ब्रोकोलीचा, मग चीज" असली सौदेबाजी तुम्ही एका नजरेत बंद केलीत. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, त्यातलं किती खायचं ते त्यांनी. नवी भाजी मुलं आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर आल्यावर मग स्वीकारतात, आणि आग्रहाने ती जवळ येण्याऐवजी लांब जाते. पालकाच्या बाबतीत मी अजून वाट पाहतोय. तो ताटात येतो आणि शिस्तीत एका कडेला लावला जातो. मी काही बोलत नाही. जिभेवर येतं, पण बोलत नाही.

लहान भावंडं असलेल्या घरांना तुमची ताकीदही पोचवतो. चार वर्षांच्या आतल्या मुलांना छोटे टोमॅटो अख्खे द्यायचे नाहीत, लांबीत चिरून चार फोडी करायच्या. अगदी लहानग्यांना मटारही चमच्याने दाबून. उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना पाण्याचा हबका मारायचा.

आता कामाचं. मोठीचा वाढदिवस येतोय, दहा पोरं येणार आहेत आणि तिने पास्ताच जाहीर करून टाकलाय. माणशी 60 ग्रॅम धरले तर 600 ग्रॅम पास्ता, म्हणजे तुमच्या हिशेबाने 6 लिटर पाणी. एवढं पातेलं आमच्याकडे नाही. दोन गॅसवर दोन पातेली लावू, की वसतिगृहातून आणलेलं तुमचं ते मोठं पातेलं माळ्यावरून काढू? वर चढायला मी येतो, तुम्ही शिडीवर पाय ठेवायचा नाही. आणि दहाजणांसाठी चीज आयतं आणलं तरी या खेपेला मी तक्रार करणार नाही.

आपला,
खालच्या मजल्यावरचा